हिऱ्याचा सातबारा

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील शेतकऱ्याला कागद वाचता येत नाही, असे म्हणण्याचा काळ आता मागे पडला आहे. ज्या मुलखातून मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग गेला, ज्याच्या वरकस जमिनींवर शहरवासीयांची शेतघरे उभी राहिली, आणि जेथे पनवेल–कर्जत लोहमार्गाच्या नुसत्या वार्तेने गुंठ्याचे भाव वर्षागणिक चढत गेले, त्या मुलखातील माणसाने सातबाऱ्याचे वाचन फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले आहे. कोणी कुलमुखत्यारपत्रावर विश्वासाने अंगठा उठविला आणि त्याच्या पाठीमागे खरेदीखत होऊन गेले. कोणी इसार घेतला आणि बाकीच्या रकमेची वाट पाहण्यात त्याची उमेदीची वर्षे सरली. कोणाच्या वडिलार्जित शेतावर नसलेले कूळ एके दिवशी फेरफारात उगवले. या अनुभवाचे फळ असे की, आज कडाव, कशेळे, चौक किंवा वावोशी येथील सामान्य गृहस्थही भोगवटादार वर्ग एकचा आहे की दोनचा, 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीचा बोजा चढलेला आहे काय, आणि मोजणीचा नकाशा प्रत्यक्ष बांधाशी जुळतो की नाही, याची खातरजमा झाल्यावाचून दुय्यम निबंधकाच्या कचेरीची पायरी चढत नाही.

आणि हाच सावध गृहस्थ, मुलाचा किंवा मुलीचा साखरपुडा ठरला की, सकाळच्या लोकलने शंभर किलोमीटर दूर मुंबईस जाऊन, अथवा अलीकडे पनवेल-कल्याणच्या एखाद्या वातानुकूलित दालनात बसून, तुरीच्या दाण्याएवढ्या दगडासाठी लाखभर रुपये मोजतो, आणि त्या दगडाबरोबर हाती आलेला इंग्रजी कागद न वाचताच डबीखाली ठेवून देतो. या विसंगतीने मला पुष्कळ दिवस अस्वस्थ केले आहे. माझे म्हणणे असे की, हिऱ्याचा वाजवी भाव घासाघीस करून हाती लागत नाही. जमिनीप्रमाणेच तो कागद वाचल्याने हाती लागतो, आणि म्हणून तो कागद, निदान पावतीपुरता तरी, ग्राहकाच्या भाषेत त्याला मिळाला पाहिजे.

आमच्याकडील साखरपुड्यात हिऱ्याला मूळचे स्थान नाही. नावाप्रमाणे तो साखरेच्या पुड्याचा विधी. नारळ, कुंकू, साडी आणि चार वडीलधाऱ्यांच्या साक्षीने दिलेला शब्द एवढ्यावर तो पार पडत असे. अंगठ्यांची अदलाबदल त्यात पुढे आली, आणि त्या अंगठीत हिरा तर कालपरवा बसला. दागिना म्हणजे सोने, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. आणि तिच्या मुळाशी व्यवहारज्ञान होते, कारण आवणीच्या दिवसांत गहाण पडलेली ठुशी किंवा पुतळ्यांची माळ भात झोडून झाल्यावर सोडवून आणता येई, आणि तिचे मोल सावकाराच्या तराजूवर आणि सराफाच्या कसोटीवर सारखेच उतरे. हिऱ्याविषयी मात्र घरोघरी एक भय असे; तो सर्वांनाच लाभत नाही, असे म्हातारी माणसे म्हणत. लग्न ठरविताना हिराच हवा ही कल्पना आमच्याकडे आली ती सातासमुद्रापलीकडून. १९४७ साली अमेरिकेत फ्रान्सिस गेरेटी या जाहिरात-लेखिकेने डी बिअर्स या कंपनीसाठी हिऱ्याच्या चिरंतनत्वाचे एक वाक्य लिहिले. ते जगभर पसरले, आणि पुढे १९८० च्या दशकात अंगठीवर दोन महिन्यांचे वेतन खर्च करावे असा दंडकही त्याच कंपनीच्या जाहिरातींनी रूढ केला. जो दंडक विक्रेत्याने घालून दिला, तो ग्राहकाने शास्त्राज्ञा मानण्याचे काहीच कारण नाही. तरीही, ज्या तरुण जोडप्याला हिऱ्याचीच हौस आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. हौस ही संसाराची पहिली पुंजी आहे. ती फसवणुकीच्या वाटेने जाऊ नये, एवढीच माझी तळमळ.

ही तळमळ निव्वळ पुस्तकी नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीच्या साखरपुड्यासाठी अर्ध्या कॅरटच्या हिऱ्याची अंगठी घेण्यात आली. मी त्या खरेदीस हजर नव्हतो. सव्वा लाखाच्या आसपास रक्कम गेली. मुलगी आनंदात होती, आणि अंगठी खरोखरच सुंदर होती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती बदलून घेण्याचा विचार निघाला, तेव्हा दुसऱ्या एका सराफाने डबीखालचा तो कागद उलगडला आणि त्यातील एका ओळीवर बोट ठेवले: हिरा प्रयोगशाळेत तयार केलेला होता. "मामा, आम्ही कागद पाहिला होता, पण तो इंग्रजीत, आणि अक्षरे मुंगीएवढी," असे भाची म्हणाली. दाजी, म्हणजे भाचीचे वडील, काही बोललेच नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांचे सातबारे तपासून देणारे ते गृहस्थ, त्यांच्या मनाला ती गोष्ट फार लागली. पावतीवर 'डायमंड रिंग, १ नग' एवढाच मजकूर होता. पेढीवाल्यांचे उत्तर तयार होते की, प्रमाणपत्रात सर्व नमूद आहे आणि प्रमाणपत्र आपणांस दिलेले आहे. पुढे मुदतीचा प्रश्न उपस्थित झाला आणि घरच्यांनी तो नाद सोडला. त्या दगडाचा त्या काळचा रास्त भाव दिलेल्या रकमेच्या चौथाईतही भरला नसता.

तेव्हा आता तो कागद सातबाऱ्याप्रमाणे वाचू या, कारण दोहोंची रचना विस्मय वाटावा इतकी सारखी आहे.

पहिली गोष्ट, कागद कोणी दिला. अमेरिकेतील जीआयए ही संस्था १९३१ साली स्थापन झाली, आणि वजन, रंग, निर्मळता व कापणी या ज्या चार कसोट्या आज सर्व जग मानते, त्यांना निश्चित स्वरूप तिनेच दिले. आयजीआय ही दुसरी संस्था १९७५ साली अँटवर्प येथे निघाली. आणि दोहोंच्या प्रयोगशाळा आपल्या मुंबईतच आहेत. अशा त्रयस्थ संस्थेचा दाखला म्हणजे भूकरमापकाची मोजणी. दुकानाने स्वतःच छापलेले चकचकीत कार्ड म्हणजे विकणाऱ्याने स्वतःच्या हाताने काढलेला नकाशा. तो कितीही सुबक असला तरी हद्द त्याने कायम होत नाही.

दुसरी गोष्ट, क्रमांक. जसा जमिनीला गट क्रमांक, तसा या दाखल्यालाही क्रमांक असतो, आणि पुष्कळदा तोच क्रमांक हिऱ्याच्या मेखलेवर, म्हणजे वरचा आणि खालचा भाग जेथे एकमेकांस मिळतात त्या बारीक कडेवर, लेसरने कोरलेला असतो. दहापट मोठे दाखविणारे भिंग प्रत्येक सराफाकडे असते. ते मागून घ्यावे, कडेवरचा आकडा कागदावरील आकड्याशी रुजू करून पाहावा, आणि तोच आकडा मोबाइलवर त्या संस्थेच्या संकेतस्थळावर घालून सर्व तपशील जुळतो की नाही हे जागेवरच बघावे. या कामास पाच मिनिटे पुरतात, आणि जो विक्रेता एवढ्याने नाराज होतो त्याच्याकडून उठून जाण्यास मुळीच संकोच नको.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे शेरे. दाखल्याच्या अगदी खालच्या भागात शेऱ्यांची एक जागा असते. तीच या कागदातील 'इतर अधिकार'. लेसरने सूक्ष्म छिद्र पाडून आतील काळा डाग नाहीसा केला आहे काय, रंग कृत्रिम उपायांनी उजळला आहे काय, या सर्व बोजांच्या नोंदी तेथे सापडतात. ज्याने सातबारा वाचताना सर्वप्रथम त्या रकान्याकडे पाहण्याची सवय लावून घेतली, त्याने येथेही सर्वप्रथम तेथेच पाहावे.

आता त्या चार कसोट्यांविषयी. रंगाची प्रतवारी इंग्रजी डी या अक्षरापासून झेडपर्यंत उतरत जाते. डी म्हणजे पाण्यासारखा वर्णहीन, आणि पुढे पुढे पिवळसर छटा वाढत जाते. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात बसवावयाचा असेल तर जी, एच किंवा आय या प्रतीचा हिरा नेत्रसुखास तिळमात्र उणा पडत नाही, कारण सोन्याची पिवळी आभा त्या किंचित छटेला आपल्यात सामावून घेते. तेथे डी प्रतीसाठी जास्तीचे पैसे मोजणे म्हणजे जो फरक डोळ्यांना दिसणारच नाही तो विकत घेणे होय. निर्मळतेचेही तसेच. व्हीएस या गटातील दोष भिंगावाचून दिसत नाहीत, आणि एसआय गटाच्या वरच्या पायरीवरील पुष्कळ हिरे साध्या डोळ्यांना स्वच्छच भासतात. हिरा बोटात घालावयाचा आहे; तो भिंगाखाली कोणी पाहणार नाही.

वजनाविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण आम्हा भातशेती करणाऱ्यांच्या हाती या कसोटीचे फार जुने माप आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत रत्नपरीक्षा सांगितली, तेव्हा हिरा तोलण्यासाठी तांदळाचा दाणा हेच परिमाण मानले: आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तांदूळ, आणि वीस तांदळांच्या हिऱ्याचे मोल दोन लक्ष. पुढे त्याने उतरंड लावली आहे ती अशी की, वजन ज्या प्रमाणात घटते त्याहून अधिक वेगाने मोल घटत जाते. आजचा कॅरट म्हणजे एका ग्रॅमचा पाचवा हिस्सा, जवळजवळ तांदळाचे आठ-दहा दाणे. त्याचे शंभर भाग केले की एक सेंट होतो. परंतु मोलाचा तो जुना नियम आजही लागू आहे. एक कॅरटच्या एका हिऱ्याची किंमत अर्ध्या कॅरटच्या दोन हिऱ्यांहून पुष्कळ अधिक असते. शिवाय पन्नास सेंट, शंभर सेंट अशा पूर्ण आकड्यांपाशी भावाची पायरी एकदम उंच होते. ज्याला हे ठाऊक आहे तो शंभराऐवजी ब्याण्णव किंवा पंचाण्णव सेंटचा हिरा मागतो. व्यासात फरक पडतो तो एक-दोन दशांश मिलिमीटरचा, आणि पैशात जो पडतो त्यातून साखरपुड्याच्या पंक्तीचा बराच खर्च भागतो. ज्या कर्जतला १९१९ पासून भाताचे संशोधन केंद्र आहे, जेथील कर्जत-३, कर्जत-७ ही वाणे कोकणभर पेरली जातात, तेथील शेतकरी बियाण्याचा दाणा दाताखाली धरून त्याची ओल सांगतो. हिऱ्याचा दाणा पारखताना त्याने तीच चिकित्सक बुद्धी का बाजूला ठेवावी, हे मला उमगत नाही.

आणि तरीही वजन ही चार कसोट्यांतील श्रेष्ठ कसोटी नव्हे. ते स्थान कापणीचे आहे, आणि नेमकी तिच्याचविषयी आमचा ग्राहक चकार शब्द विचारीत नाही.

निसर्गाने हिऱ्याला काठिण्य दिले, तेज माणसाच्या हातांनी दिले. हिऱ्यात शिरलेला प्रकाश फार तीव्रतेने वळतो, आणि खालच्या पैलूंचा कल नेमका साधला असेल तर तो आतल्या आत दोनदा परावर्तित होऊन पुन्हा वरच्या बाजूने पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येतो. कल चुकला तर तोच प्रकाश तळातून गळून जातो, आणि दगड मोठा असूनही मध्यभागी काचेसारखा निस्तेज दिसतो. मार्सेल टोल्कोव्स्की या तरुण अभियंत्याने १९१९ साली या कोनांचे गणित पुस्तकरूपाने मांडले, आणि आजचा सत्तावन्न-अठ्ठावन्न पैलूंचा गोल हिरा बहुतांशी त्या गणिताच्या आधारानेच घडतो. परंतु कारागिराला एक मोह सतत पडलेला असतो: योग्य कोन साधावयाचा तर कच्चा दगड अधिक झिजवावा लागतो, वजन घटते, आणि भाव तर वजनावर. म्हणून पुष्कळ हिरे पोटाशी जाड ठेवले जातात. असा हिरा कागदावर एक कॅरटचा असतो, वरून मात्र पाऊण कॅरटएवढाच दिसतो. यावर उपाय दाखल्यातच आहे. उत्तम कापणीचा एक कॅरटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर व्यासाचा असतो, अर्ध्या कॅरटचा सव्वापाच मिलिमीटरच्या जरा आत. मोजमापाच्या ओळीतील आकडा याहून बराच कमी असेल तर राहिलेले वजन पोटात दडले आहे असे निश्चित समजावे.

वजनाचा लोभ सोडला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण आमच्या इतिहासातच आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी ज्याचे नाव निगडित आहे तो नाशिकचा हिरा पेशव्यांच्या जवाहिरखान्यात होता; १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाची सत्ता संपुष्टात आली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती पडला आणि विलायतेस गेला. त्या वेळी त्याचे वजन नव्वद कॅरटच्या आसपास होते, आणि कापणी जुन्या पद्धतीची, दगड राखणारी, प्रकाशाची फारशी फिकीर न करणारी. लंडनमधील जवाहिऱ्यांनी एकदा त्याला नवा घाट दिला, आणि पुढे १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने पुन्हा कापून तो अवघ्या त्रेचाळीस कॅरटांवर आणला. निम्म्याहून अधिक हिरा भुकटी होऊन गेला, आणि जगातल्या त्या धंद्यातील एका निष्णात माणसाने हा व्यवहार नुकसानीचा मानला नाही. त्या रत्नाचे परदेशगमन आठवले की मन खिन्न होते. पण कापणीची थोरवी सांगण्यास त्याहून बोलका साक्षीदार मला सापडत नाही. म्हणून माझा सल्ला असा: रक्कम ठरलेली असेल तर रंगाची एक पायरी उतरा, निर्मळतेची एक उतरा, वजनाचे दहा सेंट सोडा, परंतु गोल हिऱ्याच्या कापणीचा शेरा सर्वोच्च प्रतीचाच घ्या.

येथे एका जुन्या समजुतीचाही निरास केला पाहिजे. खरा हिरा ऐरणीवर ठेवून घणाचा घाव घातला तरी फुटत नाही, हा दृष्टांत आमच्या संतवाङ्मयामुळे प्रत्येकाच्या कानी आहे. दृष्टांत म्हणून तो थोर आहे. परीक्षा म्हणून कोणी करू नये. हिऱ्यावर ओरखडा उठत नाही हे खरे, पण स्फटिकाच्या ठराविक दिशेने आघात झाला तर तो दुभंगतो. तापमानावर चालणाऱ्या लेखणीएवढ्या यंत्राचाही भरवसा धरू नये, कारण मॉइसनाइट नावाचा दुसराच खडा त्या साध्या यंत्राला फसवितो. 'अमेरिकन डायमंड' या नावाने जे खडे बाजारात मिळतात त्यांचा तर हिऱ्याशी नावापलीकडे संबंध नाही.

प्रयोगशाळेतील हिऱ्याची गोष्ट याहून निराळी आहे, आणि तिच्याबाबत न्यायबुद्धीने लिहिणे मला अगत्याचे वाटते, कारण माझ्या घरची फसगत त्याच्याच निमित्ताने झाली. हा हिरा खोटा नव्हे. तोही शुद्ध कार्बन, तेवढाच कठीण, तेवढाच तेजस्वी. १९५४ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या शास्त्रज्ञांनी प्रचंड दाब आणि उष्णता यांच्या साहाय्याने तो सिद्ध केला; आता मिथेन वायूपासून एका पातळ बीजपट्टीवर थरावर थर चढवून काही आठवड्यांत तो वाढविता येतो, आणि सुरतेत हा उद्योग मोठ्या प्रमाणावर चालतो. २०२३ च्या अर्थसंकल्पात या बीजांवरील आयातशुल्क काढून टाकण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात भारताच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीस साडेसात कॅरटचा असाच हिरा भेट दिला. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. केवळ डोळ्यांनी तो निसर्गातील हिऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही. कसलेल्या जवाहिऱ्यालाही त्यासाठी प्रयोगशाळेतील उपकरणांकडे धाव घ्यावी लागते.

मग आक्षेप कोठे आहे? आक्षेप भावात आहे. जो पदार्थ यंत्र वाढविले की वाढतो, त्याची किंमत यंत्रांच्या संख्येबरोबर उतरणे अपरिहार्यच. डी बिअर्स कंपनीनेच २०१८ मध्ये कॅरटला आठशे डॉलर या दराने असे हिरे विकावयास काढले होते. दर कोसळत गेले, आणि २०२५ मध्ये तो व्यवसाय बंद करण्याचे तिने जाहीर केले. नैसर्गिक हिऱ्याचे भावही गेल्या काही वर्षांत खाली आले आहेत, पण तेथे उतार आहे आणि येथे कडा. ज्याने असा हिरा घेतला त्याच्या हाती वर्ग दोनची जमीन आहे असे समजावे: कसण्यास उत्तम, पण विकावयास निघाले की अडचणी. बोटात घालण्यासाठी तो खुशाल घ्यावा. अडीअडचणीला मोडता येईल या हिशोबाने घेऊ नये. ज्या नव्या जोडप्याला घरासाठी कर्ज काढावयाचे आहे, त्याने थोडक्या रकमेत प्रयोगशाळेतील सुंदर हिरा घेऊन उरलेल्या पैशाचे सोने घ्यावे, हा मार्ग मला स्वतःला शहाणपणाचा वाटतो. मात्र तो हिरा त्याच्या खऱ्या नावाने आणि खऱ्या भावाने मिळाला पाहिजे. एका नावाखाली दोन वस्तू विकणे हा ग्राहकावर उघड अन्याय आहे, मग प्रमाणपत्राच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत काहीही छापलेले असो.

पावतीकडे वळताना आणखी एक हिशोब सांगून ठेवतो, कारण तो माझ्या पाहण्यात पुष्कळदा चुकलेला आहे. अंगठीचे एकूण वजन ४ ग्रॅम २०० मिलिग्रॅम असेल आणि तीत अर्ध्या कॅरटचा हिरा असेल, तर हिऱ्याचे १०० मिलिग्रॅम वजा करून सोने ४ ग्रॅम १०० मिलिग्रॅमच धरले पाहिजे. अन्यथा दगडाचे पैसे एकदा हिऱ्याच्या भावाने आणि दुसऱ्यांदा सोन्याच्या भावाने दिले जातात. एका अंगठीत ही तफावत लहान वाटते, बारीक हिऱ्यांनी भरलेल्या हारात ती डोळ्यांत भरण्यासारखी होते. हिऱ्याची अंगठी बहुधा अठरा कॅरट सोन्याची असते, कारण बावीस कॅरटचे सोने मऊ पडून पकड ढिली होते. तेव्हा सोन्याचा भाव लावताना तो अठराचाच लावला आहे ना, हे पाहावे आणि आतील बाजूस ७५० हा शुद्धतेचा अंक आणि सहा अक्षरी एचयूआयडी हा ओळखक्रमांक शोधावा. १ एप्रिल २०२३ पासून हा एचयूआयडी विक्रीस सक्तीचा आहे आणि बीआयएस केअर या मोबाइलवरील सोयीत तो पडताळता येतो. दोन ग्रॅमच्या आतील दागिन्यांना या सक्तीतून सूट असल्यामुळे अगदी नाजूक अंगठी घेणाऱ्याने अधिक दक्ष राहावे. तयार अंगठीवर वस्तू व सेवा कर एकूण किमतीच्या तीन टक्के. घडणावळ निराळी लिहून घ्यावी. आणि परतीची अट, अदलाबदलीत किती टक्के व रोख परतीत किती टक्के, ही तोंडी आश्वासनावर न सोडता लेखी घ्यावी, कारण या दोन आकड्यांत बहुधा अंतर असते आणि ते अंतर गरजेच्या दिवशीच कळते.

कोठे घ्यावा, असे मला विचारतात. मुंबादेवीच्या आसपासचा झवेरी बाजार आहे; वांद्रे-कुर्ला संकुलात २०१० पासून भारत डायमंड बोर्स उभी आहे, पण तेथील उलाढाल प्रामुख्याने व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतली. माझे मत खोपोली-कर्जतच्या घरच्या सराफाकडे झुकते, एका अटीवर: त्याने त्रयस्थ संस्थेचा दाखला असलेले दोन-तीन हिरे मागवून घेऊन समोर ठेवावेत. तो तुमच्या आजीच्या पाटल्या ओळखतो, आणि उद्या बाजारपेठेत पुन्हा तुमच्यासमोर उभा राहावयाचा आहे. ही लोकलज्जा पुष्कळ करारपत्रांहून बळकट असते. हिरे पाहताना दुकानातील तीक्ष्ण दिव्यांखालून उठून त्यांना दाराशी, उन्हाबाहेरच्या सावलीतील उजेडात आणावे. दिव्याखाली सारेच हिरे लखलखतात. पावसाळी दुपारी माथेरानच्या डोंगरावर ढग उतरले असताना जो मंद उजेड पडतो, त्यात जो हिरा जिवंत राहतो तो घ्यावा.

सोन्याच्या शुद्धतेला सरकारने एक क्रमांक दिला आणि तो कायद्याने सक्तीचा केला, हे उचित झाले. हिऱ्याच्या बाबतीत तशी सक्ती नाही. ती जेव्हा होईल तेव्हा होवो. त्याआधी महाराष्ट्रातील सराफ संघटनांनी आपण होऊन एक गोष्ट करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे: प्रत्येक पावतीवर हिरा 'नैसर्गिक' की 'प्रयोगशाळेत तयार केलेला' हे शब्द मराठीत, ठळक, आणि दाखल्याच्या क्रमांकासह लिहावेत. यास खर्च शाईपुरता आहे. आणि ग्राहकाने हे जाणून असावे की, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. मुंबईच्या पेढीविरुद्ध कर्जतच्या रहिवाशाला अलिबागच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवरील तक्रारीस शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. ही शेवटची गोष्ट आमच्या घरी वेळेवर कोणास ठाऊक असती, तर दाजींचे ते मौन मला पाहावे लागले नसते.

गेल्या तुळशीच्या लग्नानंतर दाजींच्या धाकट्या मुलाचा साखरपुडा झाला. महडच्या वरदविनायकाला पहिली अक्षत ठेवून आम्ही तिघे खोपोलीच्या एका लहानशा पेढीत गेलो. दाजींनी भिंग मागितले, आणि चष्मा कपाळावर चढवून, जसा मोजणीचा नकाशा न्याहाळावा तसा, कडेवरचा आकडा एकेक अंक मोठ्याने वाचला. मुलाने तो मोबाइलवर ताडून पाहिला. हिरा चाळीस सेंटचा, रंग एच, कापणी सर्वोत्तम. मग त्यांनी सराफाला पावती मराठीत लिहावयास सांगितली. सराफाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, छापील पावतीच्या खालच्या कोऱ्या जागेत निळ्या शाईने 'नैसर्गिक हिरा, एक नग' असे लिहून पुढे दाखल्याचा क्रमांक घातला, आणि सही-शिक्का केला. घरी आल्यावर दाजींनी ती पावती अंगठीच्या डबीत ठेवली नाही. ट्रंकेतून जमिनीच्या कागदांचे कापडी दप्तर काढले, गाठ सोडली, आणि सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली ती सपाट करून ठेवली.